सूतभर कमी

कार्तिकात वारा फिरतो. चार महिने समुद्राकडून येणारा ओला वारा एके पहाटे थांबतो, आणि पूर्वेच्या डोंगरांवरून उतरणारा कोरडा वारा उमेळ्याच्या वाड्यांत शिरतो. केळीची पाने कडांनी फाटू लागतात, ओठांना साली धरतात, आणि आषाढापासून चौकटीत फुगून बसलेले, खांदा लावल्याशिवाय बंद न होणारे माझ्या घराचे पुढचे दार एका बोटाच्या धक्क्याने लागते.

"लागलं बाई एकदाचं," असे माझी पत्नी रोजा स्वयंपाकघरातून म्हणते. तिला बरे वाटते. मला संताप येतो. दार लागते, पण त्याच्या फळ्या आटतात, आणि आटलेल्या दोन फळ्यांमधून सकाळच्या उन्हाची एक रेघ ओटी ओलांडून माझ्या खुर्चीपर्यंत येते. मी वसईच्या दिवाणी कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. बांधाच्या, वाटेच्या, विहिरीच्या पाण्याच्या असंख्य दाव्यांचे कागद या हातांनी लावले. परंतु वाऱ्याविरुद्ध दावा कोणत्या न्यायासनापुढे चालतो, हे मला आजवर कोणी सांगितलेले नाही. चालत असता, तर वादी म्हणून माझे नाव केव्हाच नोंदले गेले असते.

इनास माझा धाकटा भाऊ. आमच्या वयांत इतके अंतर की वडिलांमागे मी त्याला भाऊ म्हणून कमी आणि पाल्य म्हणून अधिक वाढवले. युद्धाच्या काळात तो विमाने दुरुस्त करण्याच्या एका कारखान्यात फिटर होता. मोडके लाकडी पंख सांधून पुन्हा आकाशात धाडायचे, हे काम तो तिथे शिकला. युद्ध संपले, कारखाना मोडला, आणि त्यातले सामान भंगारात निघाले. त्या भंगारातून इनासने एक लहान इंजिन आणि प्लायवूडचे काही तक्ते मिळवले. तक्ते इतके पातळ की हातात धरले तर वाऱ्याने लवत. तसले प्लायवूड बाजारात नव्हते आणि पुन्हा मिळण्याची आशाही नव्हती. आमच्या वाडीच्या टोकाला झावळ्यांनी शाकारलेल्या मांडवात एका माणसापुरते विमान आकार घेऊ लागले.

रविवारी चर्चमधली मिस्सा संपली की निम्मा गाव मांडवात येई. "इनास, यातून कोंबडी तरी जाईल का रे पलीकडच्या वाडीत?" असे कोणी विचारी. "कोंबडी कशाला," इनास म्हणे, "तुझी सासू मुंबईला सोडून येतो. परत आनायची जबाबदारी माझी नाय." हसण्याच्या त्या गदारोळात रोजा शिवणयंत्रावर पंखांचे कापड शिवत असे आणि मी, विनापरवाना उड्डाणासंबंधीचे नियम तोंडपाठ असलेला मनुष्य, एका बाजूस मुकाट उभा असे. परवान्यासाठी मी अर्ज केले होते. त्यांना उत्तर नव्हते. इनासला आकाश नकोच होते. पुरुषभर उंच उठून पुन्हा उतरले, तरी त्याचे समाधान होणार होते. पुरुषभर उंचीला मी मनोमन संमती दिली होती, आणि आजही देईन.

त्या उंचीवर काय अवलंबून होते, ते मला ठाऊक होते. त्याच्या बरोबरीची मुले आखातातल्या तेलाच्या कामावर जाऊ लागली होती, आणि त्यालाही तिकडून बोलावणे आले होते. "दादा," तो मला एकदा केळीच्या बुंध्यांना टेकू लावताना म्हणाला, "एकदा उडालं ना, की मी कुठं जायचा नाय. इथंच वर्कशाप टाकीन. जे हातानं उडवलं, ते गाव सोडवत नाय. पन नाय उडालं, तर मग इथं बसून करू काय? घड मोजू?"

उडायला सपाट जमीन हवी. ती आमच्या सबंध टापूत एकच होती: नायगावच्या अंगाला खाडीकाठचे गुरचरण. पावसाळाभर तिथे चिखल असे आणि कार्तिकाच्या कोरड्या वाऱ्यात ती जमीन ताशासारखी वाजू लागे. त्या वर्षी ती मिठागरासाठी मक्त्याने दिली गेली. बांध पडले, उघाडी बसली. उघाडी म्हणजे बांधातला लाकडी दरवाजा, जो उचलला की भरतीचे पाणी आत येते. मार्गशीर्षातल्या अमावास्येच्या उधाणाला पाणी आत घेणार, असे मिठागराच्या मुकादमाने सांगून टाकले होते. म्हणजे जमीन वाळल्यापासून पाणी येईपर्यंतचा तेवढाच काय तो अवकाश. तो टळला की ती जागा कायमची खाऱ्या पाण्याखाली जाणार होती.

आणि तक्ते आखूड कापले गेले होते.

बस्त्याव पाचूबंदरचा, होड्या बांधणारा सुतार. वैशाखाअखेर होड्या किनाऱ्यावर ओढून झाकल्या की त्याचे हात मोकळे होत. इनास आठवडाभर मुंबईला कामावर असे, म्हणून तो तक्त्यांवर पेन्सिलीने रेघा मारून जाई आणि बस्त्याव त्या रेघांप्रमाणे कापून ठेवी. एका शनिवारी इनासने आल्या आल्या एक तक्ता उचलला आणि पंखाच्या पुढच्या कडेवर वाकवून पाहिला. तक्त्याची कड ज्या फासळीवर टेकायची, तिच्या सूतभर अलीकडे राहिली. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, करवतीच्या दोन पात्यांएवढा. त्याने दुसरा तक्ता उचलला. मग तिसरा. पुढचे त्याने उचलले नाहीत, नुसती बोटे फिरवली.

"बस्त्याव, रेघ कुठं होती?"

"होती तिथं हाय की अजून. कापलेल्या चिपेवर बघ."

"मग करवत रेघेच्या आत का घातलीस?"

बस्त्यावला प्रश्नच कळेना. "जागा नको ठेवायला? लाकूड पानी पितं, पोरा. पिऊन फुगतं. सूतभर जागा नाय ठेवली तर फळी फळीला रेटते, आनि भर समिंदरात होडी उरात फुटते. माझ्या बापाचा बाप असंच कापायचा."

"अरे, पन हे पान्यात नाय जायचं!"

बस्त्यावने विमानाकडे पाहिले. इतके दिवस त्यावर काम करूनही ती गोष्ट त्याच्या ध्यानात जणू तेव्हाच आली. "नाय जायचं," तो म्हणाला. मग, स्वतःची बाजू अगदीच पडू नये म्हणून, त्याने विचारले, "खाडीवरनं तरी जानार ना?"

मी रागाने पुढे झालो. वादात दोष कोणाकडे, हे ठरवण्यात माझे आयुष्य गेलेले. तो मनुष्य आळशी असता, पिऊन आला असता, एखादा तक्ता तिरका कापून बसला असता, तर माझ्या रागाला पत्ता मिळाला असता. परंतु प्रत्येक तक्ता सारख्याच काळजीने, सारखाच सूतभर कमी कापलेला होता. इतकी एकसारखी, इतकी निष्ठावंत चूक मी कोर्टात कधी पाहिली नव्हती. इनास मात्र ओरडला नाही. तो मांडवाच्या मेढीला टेकून खाली बसला आणि तोंडावरून हात फिरवत म्हणाला, "नवे कापायला तक्ते नायत. हेच वाढवायला पायजेत."

लाकूड वाढवता येते, हे मी त्या पावसाळ्यात पाहिले. आमच्याकडे आंब्याचे कलम बांधताना फांदीला लांब तिरका काप देतात, तसाच काप तक्त्याच्या कडेला द्यायचा. उरलेल्या चिपांतून पट्ट्या काढून त्यांनाही तसाच काप द्यायचा, आणि सरस लावून एक काप दुसऱ्यावर बसवायचा. सांधा नुसता टोकाला टोक लावून धरत नाही. तो आडवा पसरावा लागतो, जाडीच्या दहा-बारा पट, म्हणजे ओढ अंगभर वाटली जाते. इनास रंधा धरी तेव्हा त्याचा श्वास ऐकू येत नसे. रंध्यातून निघणारा भुगा इतका तलम, की ओल्या हवेत तो खाली पडण्याऐवजी हातालाच चिकटून राही.

सरस दुधाचा होता. फाडलेल्या दुधाचा चोथा वाळवून केलेली भुकटी चुन्याबरोबर पाण्यात कालवायची. मांडवात आंबूस वास भरून राही. "शेजारच्या तान्ह्याला दूध मिळत नाही, आणि तुम्ही ते पंखांना पाजताय," असे रोजा म्हणे, आणि तेच म्हणता म्हणता शेगडीत कोळसे घालून मांडवात आणून ठेवी, कारण सांध्याला कोरडी ऊब लागते असे इनासने तिला सांगितले होते. शेगडीची ऊब हातभर पुढे जाई. तिच्यापलीकडे सारा श्रावण उभा असे. भिंतींना ओल, दोरांना ओल, पट्ट्या ज्या गोणपाटात गुंडाळलेल्या त्यालाही ओल. सकाळी पाहावे तर कालच्या सरसावर हिरवट बुरशीची मऊ लव. इनास ती फडक्याने पुसून काढी, खाली नखाने टोकून पाही, आणि पुढच्या तक्त्याकडे वळे.

सांधा सुकेपर्यंत त्यावर दाब हवा. पाटा झाला, वरवंटा झाला, विहिरीवरचे दगड झाले. मग इनास घरात आला आणि माझ्या कपाटातले कायद्याचे जाडजूड ग्रंथ छातीशी धरून बाहेर घेऊन गेला. "दादा, वजनदार हायत," तो म्हणाला. त्या पावसाळ्यात कायद्याचा उपयोग झाला तो एवढाच.

मी तर लिहीत सुटलो होतो. गुरचरण हे गावाच्या सामायिक उपयोगाचे असते. ते मक्त्याने देण्यापूर्वी गावास नोटीस पोचली पाहिजे, हरकती ऐकल्या पाहिजेत. मी तालुक्यास लिहिले, जिल्ह्यास लिहिले, त्यावरच्या कचेरीस लिहिले. प्रत्येक अर्जाच्या तळाशी मागणी एकच: निकाल होईपर्यंत उघाडी उचलली जाऊ नये. एक उन्हाळा द्या, एवढेच माझे म्हणणे होते. "आपला अर्ज पावला" यापलीकडे कोणाच्या लेखणीतून शाई उतरली नाही.

"थांब," असे मी इनासला भाद्रपदात म्हणालो. "हवा कोरडी होऊ दे, मग सांधे कर. मी मुदत मिळवतो."

तो सांध्यावरचा ग्रंथ उचलून खालची कड पाहत होता. "मलापन ठाऊक हाय, दादा. कारखान्यात आमची एक कोरडी खोली होती, तिथं घाम आलेला मानूससुद्धा आत घेत नव्हते. ह्या पट्ट्या आता फुगलेल्या हायत. फुगलेलं माप घेतोय मी." मग ग्रंथ पुन्हा जागेवर ठेवून तो म्हणाला, "पन थांबलो तर जमीन जाते. नाय थांबलो तर सांधा जातो, कदाचित. जिथं 'कदाचित' हाय, त्या बाजूनं जावं मानसानं."

"माझा अर्ज कायद्याला धरून आहे."

"असनारच. तू घरात जेवायला मागतोस तेपन कायद्याला धरून." तो हसला. "तुझ्या अर्जावरनं विमान पळवायचं ठरलं असतं, तर मी तक्ते कशाला जोडत बसलो असतो?"

कार्तिकात वारा फिरला. ज्या वाऱ्याची आम्ही देवाकडे मागणी केली, तोच. दोन बैलगाड्यांवर पंख, एकीवर धड आणि इंजिन, अशी ती वरात आम्ही गुरचरणावर नेली. जमीन वाळून तिला कासवाच्या पाठीसारख्या भेगा पडल्या होत्या. चाक तिच्यावरून दगडावरून जावे तसे गडगडले. पंख चढवायला, तारा ताणायला, इंजिनाचे खोकणे घालवायला काही दिवस गेले, आणि एका सकाळी ते खोकल्याविना चालले. बांधावर उभ्या असलेल्या गावाने टोप्या उडवल्या. सासूवाला गृहस्थ सासूला खरोखरच घेऊन आला होता. इतक्या माणसांना एकाच दिशेने आनंदाने पाहताना मी चर्चच्या सणाशिवाय, फेस्ताशिवाय कधी पाहिले नव्हते. कोरडा वारा कानांवरून वाहत होता, पंखांचे कापड ढोलाच्या कातड्यासारखे ताणले गेले होते, आणि माझ्या भावाच्या चेहऱ्यावर, मी शपथेवर सांगतो, वडील गेल्यानंतर प्रथमच मला मूल दिसले.

बसण्यापूर्वी त्याने पंखाच्या पुढच्या कडेवरून नखाने टकटक करीत एक फेरी घातली. ही त्याची कारखान्यातली सवय. पक्क्या सांध्यावर नख वाजले की टणक आवाज येतो. टक्, टक्, टक्. आणि मग एक आवाज बद्द आला. फुटक्या मडक्यावर बोट मारावे तसा. इनास थांबला. त्याने त्याच जागी पुन्हा नख मारले. तसाच. त्याने चाकूने तिथले कापड चिरले, चाकूचे पाते सांध्याला लावले, आणि काहीही जोर न करता ते आत गेले.

पावसाळ्यात फुगलेल्या पट्ट्या कोरड्या वाऱ्याने आटल्या होत्या. आटताना त्यांनी बुरशीने खाल्लेला सरस सोडून दिला होता. इनास पुढच्या सांध्याकडे गेला, त्याच्या पुढच्याकडे गेला. दुसऱ्या पंखाकडे जाईपर्यंत तो चालत होता. तिथून परत येताना मात्र पाय ओढत आला. इंजिन त्यानेच बंद केले. ते थांबल्यावर वारा किती मोठ्याने वाहत होता, ते सर्वांना कळले. ज्या वाऱ्याने जमीन दिली, त्यानेच सांधे उकलले होते, आणि यात कोणाकडूनही कसलाही नियमभंग झालेला नव्हता.

बांधावरचे लोक बांधावरच राहिले. बस्त्याव मात्र पुढे झाला. फटीला त्याने अंगठा लावला, आणि आपल्या परीने जे उत्तम होते ते त्याने देऊ केले. "होडीच्या फटीत ठोकतो तसा कापूस ठोकू? वर राळ आनि तेल. मी आन्तो."

इनास हसला. खो खो हसला, डोळ्यांतून पाणी येईतो. त्याचे हसणे मी त्यानंतर ऐकलेले नाही.

"पुन्हा होईल ना?" मी विचारले.

"होनार की. सगळं उकलायचं, उन्हात वाळवायचं, कोरड्यात जोडायचं. होळीपर्यंत होईल." तो खाडीकडे पाहत होता. "तोवर पायाखाली काय असनार, ते तुला माहीत हाय."

मी उघाडीकडे धावत गेलो. धावण्याचे माझे वय नव्हते. मुकादम बांधावर विडी ओढत बसला होता. मी त्याला सांगितले की प्रकरण विचाराधीन आहे, पाणी आत घेणे बेकायदा ठरेल, परिणामांची जबाबदारी व्यक्तिशः त्याच्यावर येईल. त्याने माझे सारे ऐकून घेतले. उद्धट असता तरी चालले असते.

"सायब," तो म्हणाला, "मी थांबन. मालकाला सांगन, ताप आलाय. पन उधान मझ्या तापासाठी थांबल काय? ह्या अमावाशेचं पानी आत नाय घेतलं तर ह्या सालचं मीठ गेलं. मझी चाळीस मानसं मीठ नाय तर काय खातील?"

मी कचेरीला तार केली. अमावास्येला उघाडी उचलली गेली. पाणी लाटेसारखे आले नाही. जमिनीच्या भेगांतून काळ्या रेघांसारखे सरकत आले, एकमेकींना मिळाले, आणि पाहता पाहता सारे गुरचरण आकाशाच्या रंगाचे झाले. घोट्याएवढ्या पाण्यातून आम्ही विमानाचे धड ओढून काढले. इनास सर्वांत पुढे होता. त्याने मागे वळून पाहिले नाही, म्हणून मी पाहिले. कोणीतरी पाहायला हवे होते.

पौषात तो बोटीने आखाताकडे गेला. जाण्याआधी बस्त्यावने खाली मान घालून तक्ते मागितले, आणि इनास म्हणाला, "घेऊन जा सगळे." त्याने बस्त्यावचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मला मात्र त्याने वाकून नमस्कार केला. त्या नमस्काराची फिर्याद मी कुठे करू?

गुरचरणाच्या प्रकरणी जागेची पाहणी करण्यास अधिकारी येत असून अर्जदाराने समक्ष हजर राहावे, असे पत्र मला पुढे यथावकाश आले. मी हजर राहिलो. त्या अधिकाऱ्याला मी बांधावर उभे करून पांढऱ्या मिठाच्या राशी दाखवल्या आणि जे बोललो, ते शिरस्तेदाराने बोलण्यासारखे नव्हते.

इनासची पत्रे येतात. तिकडची हवा कोरडी आहे, प्रकृती ठीक आहे, वाडीत काय लावले ते कळवावे. विमानाविषयी अक्षर नसते. परत येण्याविषयीही नसते. मीही लिहितो. मी कोणाला लिहीत नाही? पुलाच्या कठड्याविषयी, टपालाच्या दिरंगाईविषयी, मिठागराच्या बांधाविषयी माझी पत्रे आजही जातात, आणि माझ्या पत्राचे पाकीट पाहून कचेऱ्यांतले कारकून कपाळाला हात लावतात, हे मला माहीत आहे.

गेल्या कार्तिकात बस्त्याव मला पाचूबंदरला आपल्या मुलाची होडी पाहायला घेऊन गेला. होडीच्या पुढच्या टोकाला, जाळी ठेवायच्या कप्प्याला, त्याने आतून त्या तक्त्यांचे अस्तर केले होते. इनासने जोडलेल्या पट्ट्या सोडवून टाकलेल्या. बस्त्यावने स्वतः कापले होते तेच मूळ माप, तेच सूतभर कमी. होडी पाण्यावर हलत होती आणि कप्प्यात नेहमीची ओल होती.

"नख घाला," तो म्हणाला.

मी दोन तक्त्यांच्या मध्ये नख घातले. ते आत जाईना. मी दुसरीकडे घालून पाहिले, खाली वाकून कोपऱ्यात पाहिले, विरुद्ध पक्षाचा वकील कागद उलटसुलट करतो तसे पाहिले. तक्ता तक्त्याला असा लागला होता की रेघही दिसू नये. पाणी पिऊन, फुगून, प्रत्येकाने आपली सोडलेली जागा भरून काढली होती.

"बसले," बस्त्याव म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचा सूर असता, तर मी तिथेच भांडलो असतो. तसा सूर नव्हता. म्हातारा रडत होता. "एवढं इनासला कळवा, शिरस्तेदार. तुमी लिवता ना सगळ्यांना. म्हनावं, बसले तक्ते."

त्याला एक वर्ष झाले. आज पहाटे पुन्हा वारा फिरला. दार बोटाच्या धक्क्याने लागले, रोजा तेच म्हणाली, आणि उन्हाची ती रेघ ओटीवरून सरकत माझ्या समोरच्या कागदापर्यंत आली. वर इनासचे नाव लिहून झालेले आहे. आयुष्यात मला लिहिता न आलेले हे एकच पत्र.